ऑक्सिजनची घरगुती टाकी

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या उन्हाळ्यात, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवण्यासाठी लोकांनी जिवाचं रान केलं. त्यातली बरीचशी यंत्रं आता माळ्यावर नाहीतर पलंगाखाली धूळ खात पडली आहेत. त्यांच्याबद्दल हल्ली वेगळाच प्रश्न कानावर येतो. ‘डॉक्टर, बाबांचं मशीन भाच्याला देऊ का? तो घरीच चांदीचे दागिने घडवतो. टॉर्चला ऑक्सिजन लागतो म्हणे.’

प्रश्न रास्त आहे. दागिन्याला डाख लावायला किंवा काचेचे मणी वळवायला नुसत्या गॅसची ज्योत पुरत नाही. पूर्वी सोनार फुंकणीने हवा घालत. आता गॅसबरोबर ऑक्सिजन सोडला की ज्योत लहान, टोकदार आणि कितीतरी अधिक गरम होते. कॉन्सन्ट्रेटरमधले झिओलाइटचे खडे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन बाहेर सोडतात. मिनिटाला ५ लिटर, तोही अगदी कमी दाबाने. लहान टॉर्चला तेवढा चालतो. त्या यंत्राची नळी थेट टॉर्चला जोडून, खिडक्या उघड्या ठेवून काम करणं हा या साऱ्यातला त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग.

मात्र कारागिराचं तेवढ्यावर भागत नाही. मोठी ज्योत हवी असते आणि यंत्र तर रात्रभर रिकामंच असतं. मग डोक्यात येतं, की रात्री ऑक्सिजन टाकीत साठवून दिवसा वापरला तर? हिशेबही सोपा वाटतो. ५० लिटरच्या टाकीत ८ पट दाबाने सुमारे ४०० लिटर मावतो, आणि यंत्र तो दीड तासाच्या आत तयार करतं. टायरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर मध्ये लावला की झालं!

इथेच मी हात जोडतो. वायू दाबला की तापतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. साध्या कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचं तेल असतं, आणि त्यात हवेऐवजी ऑक्सिजन दाबला तर तेल, उष्णता आणि ऑक्सिजन ही तिन्ही एकाच लोखंडी डब्यात आपण स्वतः भरलेली असतात. तो फुटायला बाहेरची काडी लागत नाही. ऑक्सिजनसाठीचे कॉम्प्रेसर वेगळे, तेलविरहित असतात. त्यांचे व्हॉल्व्ह, वॉशर आणि नळ्यासुद्धा तेलाचा अंशही राहणार नाही अशा पद्धतीने धुतलेल्या असतात. जुन्या बाजारातून सुटे भाग जमवून हे घरी साधणारं काम नाही. रिकाम्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचा टाकी म्हणून उपयोग करण्याची कल्पना तर त्याहून भयंकर आहे. रिकाम्या म्हणवणाऱ्या सिलिंडरमध्ये गॅस आणि तेलकट गाळ उरलेला असतोच. त्यात ऑक्सिजन भरणं म्हणजे बॉम्ब भरणं.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. तो इतरांना जाळतो. हवेत त्याचं प्रमाण २१ टक्के असतं. ते २४च्या आसपास गेलं तरी कपडे, केस, गादी भराभर पेट घेतात. १० फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत दीड घनमीटरचा लहान सिलिंडर गळून रिकामा झाला तर ऑक्सिजन २५ टक्क्यांवर पोचतो. ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर गळला तर ३५च्याही पुढे. आणि हे नाकाला कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, याला काहीच नसतो. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत ‘अपोलो १’ची जमिनीवर चाचणी चालू असताना शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागली आणि काही क्षणांत तिन्ही अंतराळवीर गेले. एरवी ज्याला कोणी ज्वालाग्राही म्हणणार नाही असं सामान त्या हवेत भडकलं होतं.

ज्यांच्या घरी रुग्णासाठी ऑक्सिजन चालू आहे त्यांनीही हे वाचावं. नाकात नळी असताना ओढलेल्या विडीने चेहरा आणि श्वासनलिका भाजलेले रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. ‘एकच झुरका’ असं ते सांगतात.

काम मोठं असेल तर परवानाधारक पुरवठादाराकडून भरलेला सिलिंडर घ्यावा आणि रिकामा झाला की परत करावा. सिलिंडरचे नियम आणि परवाने पाहणारी केंद्र सरकारची संस्था, ‘पेसो’, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडरवर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती बघून घ्यावी. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला हवा. गॅसच्या टाकीपासून शक्यतो २० फूट दूर. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा, कारण झटक्याने उघडला तर रेग्युलेटरमध्ये तोच दाबाचा ताप तयार होतो. आट्यांना ग्रीस किंवा खोबरेल लावायचं नाही, तेलकट हाताने स्पर्शही नको. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर बसवावेत. चार पैसे वाचवायला माणसं नेमकं हेच वगळतात. ऑक्सिजनने खोली किंवा अंगाचा घाम ‘थंड’ करणारेही महाभाग असतात. असे कपडे ऑक्सिजन धरून ठेवतात. उघड्यावर किमान पाव तास वारा लागल्याशिवाय ज्योतीजवळ जाऊ नये.

आगीइतकीच काळजी मला धुराची वाटते. अनेक कारागीर जिथे घडवतात तिथेच रांधतात, झोपतात. अतिगरम ज्योतीत हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो. डाखात कॅडमियम असेल (जुन्या ‘केडीएम’ दागिन्यांत असायचं) तर त्याची वाफही त्यात मिसळते. दोन्हींची खोड एकच. श्वासात गेल्यावर लगेच फार काही होत नाही. जरा खोकला, घशात खवखव, तापासारखं अंग. माणूस जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागतं. म्हणून बंद खोलीत टॉर्चवर काम केल्यानंतर रात्री धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावं, आणि ‘टॉर्चवर काम करत होतो’ हे आपणहून सांगावं. नाहीतर आम्ही न्यूमोनिया शोधत बसतो.

भाजलंच, तर आधी व्हॉल्व्ह बंद करता आला तर करावा, आणि माणसाला मोकळ्यावर आणावं. भाजलेल्या भागावर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. नाकातले केस जळलेले दिसले किंवा आवाज घोगरा झाला असेल तर जखम लहान दिसली तरी थेट रुग्णालय गाठावं. श्वासनलिका आतून सुजत असते.

भाच्याला मशीन द्यायला हरकत नाही. एकदा दिलं की मात्र ते पुन्हा रुग्णासाठी आणू नका, फिल्टरमध्ये कारखान्याचा धूर बसलेला असतो.