आखूड नळीची बंदूक

तोड्याच्या बंदुकीस पेटती वात लागे. चकमकीच्या बंदुकीत ती अडचण नव्हती. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी रंजकात पडे व नळीतील दारू पेटून गोळी सुटे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज पायदळाच्या अशा बंदुकीची नळी ४६ इंच लांब असे. पुढे ती ४२ इंचांवर आली. ईस्ट इंडिया कंपनीने तर आपल्या फौजेकरिता ३९ इंची नळीची, साधी व स्वस्त बंदूक करविली.

१७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध जुंपले. सरकारला हत्यारे अपुरी पडू लागली, तेव्हा त्याने कंपनीच्या बंदुकांचा साठा घेतला आणि १७९७ मध्ये तोच नमुना स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला. त्यास ‘इंडिया पॅटर्न’ हे नाव पडले. अशा रीतीने व्यापारी कंपनीची काटकसर राजाच्या सैन्याचा नियम झाली.

नळी आखूड झाल्याने विशेष हानी झाली नाही. ती आतून गुळगुळीत असून गोळी सैल बसे. त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे नेम मुळातच बेभरवशाचा होता. पलटणी रांगेने एकदम बार काढीत. नेमापेक्षा बंदुकांची संख्या व त्या भरण्याची चपळाई यांवरच भिस्त असे.

दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाचा (१८०३-०५) पाठ देताना शिक्षकांनी या तीन लांबीच्या रेघा फळ्यावर मोजून आखाव्यात. राज्ये केवळ सेनापतींच्या पराक्रमाने नव्हे, तर कारखाने, खर्च व पुरवठा यांच्या बळावरही वाढतात, हे मुलांच्या सहज ध्यानी येईल.