उठलेलं डोकं आणि सुट्टे पैसे

नांदेडहून सुटलेली एसटी लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत साधारण तीन-साडेतीन तासांत लातूरला पोचते. या रस्त्यावर वाहकाचं काम करणाऱ्या आणि अर्धशिशी असलेल्या एका ताईंचा हा दिवस. अर्धशिशी म्हटलं की सगळे दुखण्याबद्दल विचारतात. डोकं चालत होतं का, हे कुणी विचारत नाही. वाहकाच्या कामात त्याचा हिशेब रोजच्या रोज रुपयांत मांडावा लागतो.

पहाटे ४.३०

गजराच्या आधीच जाग आली. मान आखडलेली, जांभयांवर जांभया, आणि काहीतरी गोड खायची इच्छा. दुखत काहीच नाही. तरी ताईंना कळून चुकलंय की आज डोकं उठणार. झटक्याची ही पहिली पायरी. ती कधी काही तास, तर कधी एक-दोन दिवस आधीच सुरू होते. भूक, झोप, तहान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात त्या वेळी हालचाल वाढलेली स्कॅनमध्ये दिसली आहे.

लक्ष विस्कटायला लागतं ते इथूनच. पिठल्यात मीठ घातलं की नाही, आठवेना. चाखून बघितलं तर दोनदा पडलेलं.

काल ड्यूटी उशिरा सुटली, आज पहाटेची लागली. अर्धशिशीला असा बदल सोसत नाही. झोप मोडली, जेवण चुकलं, ऊन लागलं, की निमित्त मिळतं. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं तेही एक निमित्त, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळपास तिप्पट असण्यामागे संप्रेरकांचा मोठा वाटा आहे. ताई ड्यूटीच्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या हसायच्या, पण मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडून, केस धुण्यानं झटका येऊ शकतो, हे २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं आहे.

सकाळी ६.००

आगारात तिकिटाचं मशीन घेतलं, मार्गपत्रक घेतलं, सही केली. गाड्या सुरू करून ठेवलेल्या. डिझेलचा वास एरवी जाणवतही नाही, आज नाकात शिरतोय. पोटात काही नको वाटतंय, तरी ताई उभ्या उभ्या अर्धी भाकरी खातात. रिकाम्या पोटी निघालं तर लोह्यापर्यंतही निभणार नाही, हे अनुभवाचं.

सकाळी ७.१५, लोह्याच्या अलीकडे

मशीनवर थांब्याचं नाव आहे. ‘अह’ दिसतंय, ‘मदपूर’ दिसत नाही. डोळे चोळले तरी तो भाग कोराच. मग त्याच्या कडेला नागमोडी, चमचमणारी रेघ उठली, तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते तशी. ती हळूहळू बाजूला सरकत मोठी होत गेली.

याला ऑरा म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांना तो येतो आणि ५ ते ६० मिनिटं टिकतो. बिघाड डोळ्यांत नसतो. मेंदूच्या सालीवरून विद्युत-हालचालीची एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकते आणि तिच्यामागचा भाग काही काळ गप्प होतो. कार्ल लॅशले या शास्त्रज्ञानं १९४१ साली स्वतःच्याच ऑराची चित्रं काढून हा वेग काढला होता. १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्तीदेस लेआंव यांनी ही लाट प्राण्यांच्या मेंदूवर प्रत्यक्ष दाखवली.

लाट भाषेच्या भागाकडे गेली तर शब्दही अडतात. लोह्याला चढलेल्या माणसाला ताईंना ‘सुट्टे द्या’ म्हणायचं होतं. ‘ते... ते... बारीक द्या’ एवढंच निघालं. माणूस बघतच राहिला. पुढून ड्रायव्हर ओरडले, “मॅडम, डबल बेल द्या की!” घंटीची दोरी ओढायचीच राहून गेली होती.

सकाळी ८.३०, अहमदपूर

दुखणं आता उजव्या डोळ्यामागे सुरू झालंय. ताईंनी लगेच डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली. ‘बघू, सहन होतंय का’ करत बसण्यात अर्थ नसतो. झटक्यात जठराचं काम मंदावतं. उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, नाहीतर उलटीबरोबर बाहेर येते.

स्टँडवर झुंबड. “माय, मला अर्धंच पडतंय न्हवं?” मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५च्या पुढे फुकट, शिवाय पासवाले विद्यार्थी. एका कुटुंबात चार प्रकारची तिकिटं निघतात. भाडं मशीन काढतं, पण परत किती द्यायचे ते डोक्यानंच काढावं लागतं. तिकीट झालं १६५, नोट ५००ची. एरवी ३३५ आपोआप तोंडातून निघतात. आज ताई नोट धरून उभ्या. पाचशेतून शंभर गेले, चारशे. त्यातून पासष्ट... तेवढ्यात मागून कुणीतरी “चाकूर एक” म्हणालं आणि चारशेच हातातून सुटले.

आकडा क्षणभर मनात धरून ठेवणं, त्यावर क्रिया करणं, मध्ये कुणी बोललं तरी तो न सोडणं, ही कामं झटक्यात पहिल्यांदा ढेपाळतात. विचाराचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही, ऐकलेलं साठत नाही. म्हणून अशी एक चूक झाली की ताई त्या दिवशी तोंडी हिशेब सोडूनच देतात. प्रत्येक तिकिटाच्या मागे पेनानं वजाबाकी मांडतात, नोट हातात असेपर्यंत दुसऱ्याचं तिकीट काढत नाहीत. लोक वैतागतात. वैतागू देत.

सकाळी १०.१५, लातूर

पुढच्या फेरीला दीड तास आहे. विश्रांतिगृहाच्या कोपऱ्यात डोळ्यांवर ओढणी बांधून ताई आडव्या झाल्या. दुखणं ठोके देतंय. पंख्याचा आवाज, खिडकीची फट, शेजारच्या डब्यातली लसणाची फोडणी, सगळं टोचतंय. खुद्द मेंदूला वेदना जाणवत नाही. दुखतात ती त्याच्या भोवतीची आवरणं आणि रक्तवाहिन्या. तिथल्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि ठोके सुरू होतात. उपचार नसला तर हे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतं.

“काय झालं?”

“डोकं दुखायलंय.”

“डोकंच ना? चहा घ्या, बरं वाटेल.”

ताप असता तर अंगाला हात लावून बघता आला असता. या आजारात दाखवायला काही नसतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात अर्धशिशी नाही. २०१९च्या जागतिक रोगभार अभ्यासात मात्र तरुण स्त्रियांचं आयुष्य खोळंबवणाऱ्या आजारांमध्ये ती पहिली आली. लातूरला लागून असलेल्या कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात निघालं. म्हणजे चार माणसांत एक.

दुपारी १२.००, परतीची फेरी

गोळीनं ठोके उतरलेत. ऊन मात्र खिडकीतून थेट तोंडावर. पाणी पुरेसं प्यायला हवं, हे ताईंना कुणी सांगायला नको. पण वाटेत बायकांची सोय होईलच याची खात्री नसल्यानं बाटली अर्धीच संपते. न प्यालेलं पाणी, हुकलेलं जेवण आणि ऊन एकत्र आलं की उतरलेलं डोकं पुन्हा चढतं.

दुपारी ४.००, रोख भरणा

नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. तिसऱ्यांदा सहकाऱ्याकडून मोजून घेतल्या, तर रक्कम कमीच. कमी पडलेले पैसे वाहकानं भरायचे असतात. ताईंनी पर्स उघडली.

दुखणं थांबलेलं असताना मोजणी का चुकावी? दुखण्यानंतरही एक टप्पा असतो. तो अनेकदा दिवसभर, क्वचित दोन दिवस चालतो. अंगातलं त्राण गेलेलं, शब्द आठवायला वेळ लागतो, वाचलेली ओळ परत वाचावी लागते. सगळे म्हणतात ‘आता बरं वाटतंय ना’, आणि नुकसान मात्र याही तासांत होत राहतं.

संध्याकाळी ५.३०, औषधाचं दुकान

काउंटरवर एक बाई वेदनाशामक गोळ्यांची अख्खी पाकिटं घेतायत, चिठ्ठी नाही. या सवयीतूनच रोजची डोकेदुखी जन्माला येते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि अर्धशिशीवरच्या खास ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर औषधच डोकं दुखवू लागतं.

झटके वारंवार येत असतील तर ते टाळणारी वेगळी औषधं असतात: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. टोपिरामेटनं काहींना शब्द सापडायला उशीर होतो, गर्भारपणात त्याचा धोकाही आहे. म्हणून ही निवड डॉक्टरांचीच. नांदेड-लातूर रस्त्यावर विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. या आजाराला मोठी यंत्रं क्वचितच लागतात. नीट विचारपूस करणारा डॉक्टर आणि नीट सांगणारा रुग्ण लागतो.

रात्री ८.३०

मुलगा गणिताची वही घेऊन बसलाय. ताई म्हणाल्या, “उद्या बघू, राजा.” शेजारच्या गल्लीत हळद आहे, डीजे आहे. त्या गेल्या नाहीत. ‘बोलावलं तरी येत नाही’ असं बोललं जाणार, हेही ठाऊक आहे. झटका नसलेल्या दिवसांवरही पुढच्या झटक्याची धास्ती असते. आमंत्रण घेताना, रजा टाकताना, नात्यागोत्यात शब्द देताना ती मध्ये येतेच.

एक भीती ताईंनी बोलून दाखवली, “असंच होत गेलं तर पुढं मला काही आठवायचं न्हाई का?” याला दिलासा देता येतो. अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं तपासणी करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अर्धशिशी असलेल्यांची बुद्धी इतरांपेक्षा वेगानं घसरताना दिसली नाही. झटक्यात गेलेलं डोकं झटका ओसरल्यावर परत येतं.

निजण्याआधी ताईंनी वहीत चार ओळी लिहिल्या: कधी सुरू झालं, आधी खाणं-झोप कशी झाली, कोणती गोळी किती वाजता, कामात कुठे चुकलं.

तुम्हालाही हा त्रास असेल तर अशी वही ठेवा आणि दोन महिन्यांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्र डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत ताप, हातापायात अशक्तपणा किंवा बेशुद्धी आली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर वहीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. आणि तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील, तर ‘डोकं दुखतंय’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी पैशांचं, आकड्यांचं काम देऊ नका.