देवलमरीपर्यंत नाव, पुढे चाकं

ताडोब्याची सफारी आटोपली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इकडे राफ्टिंग कुठे होतं? आणि ती चार जाड चाकांची क्वाड बाइक भाड्याने मिळते का? सकाळी नदी आणि दुपारी चिखलातली चाकं, असा एका दिवसाचा जोड कार्यक्रम महाराष्ट्रात जमून बसला आहे तो रायगड जिल्ह्यात, कोलाडला. चंद्रपूर-गडचिरोलीत तो नाही. पण पाणी आणि चाकं एकाच प्रवासात जोडायचा सर्वांत मोठा खटाटोप या राज्यात कुठे झाला असेल, तर तो इथेच. त्यात हौसेचा भाग नव्हता. सरकारी तिजोरी, इंग्लंडच्या गिरण्या आणि विदर्भाचा कापूस असं सगळंच त्यात पणाला लागलं होतं.

आधी कोलाडचं गणित पाहू, कारण ते कळलं की इथलं का जमत नाही तेही कळतं. कुंडलिका नदीत रोज सकाळी जे पाणी उसळतं, ते मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळशी धरणातलं, म्हणजे मुळा नदीचं. अडवलं नसतं तर ते पुण्याकडून भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांच्या वीज प्रकल्पाने ते सह्याद्रीच्या धारेवरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरवलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. त्याआधी याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. वीज काढून झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात आणि त्याच्या पाठीवर राफ्ट निघतात. रबरी राफ्टला लागतात दोन गोष्टी, उतार आणि भरवशाचं पाणी. कोलाडला दोन्ही मिळतात, आणि दुसरी तर चक्क वेळापत्रकाने. मुळशीकरांच्या बुडालेल्या शेतांवरून आलेलं हे पाणी आहे, याची आठवण राफ्टमध्ये बसताना कुणाला करून दिली जात असेल असं वाटत नाही.

क्वाड बाइकचं रहस्य तिच्या टायरमध्ये आहे. मोटारीच्या टायरमध्ये तिसाच्या आसपास पौंड हवा असते, क्वाडच्या फुगीर टायरमध्ये जेमतेम चार-पाच. टायर जमिनीवर पसरतो, वजन वाटलं जातं, म्हणून ती वाळूत आणि चिखलात रुतत नाही. पण वाघाच्या जंगलात तिला जागा नाही. ताडोब्यात उघडी जिप्सी, बरोबर गाइड आणि ठरलेला रस्ता, एवढीच मुभा. त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. आणि धक्केच हवे असतील तर आलापल्ली-सिरोंचा रस्त्याने कित्येक वर्षं ते फुकट पुरवले आहेत.

आता नदी. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगवणारी वर्धा आणि सिवनी जिल्ह्यातून येणारी वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात. तिथून पुढे नाव बदलतं, प्राणहिता. स्वतःच्या नावाने ती सव्वाशे किलोमीटरही वाहत नाही. सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, समोरच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वर. नाव लहान असलं तरी पाणी मात्र प्रचंड. नागपूर, वर्धा, यवतमाळ, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि मध्य प्रदेशाचा मोठा तुकडा मिळून गोदावरीच्या खोऱ्याचा जवळपास एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेमार्फत रिकामा होतो. पावसाळ्यात ती काठ गिळते, आणि एप्रिलात तिच्या पात्रात वाळूचे मैल पसरतात. उतार बेताचा, पाणी लहरी. राफ्टिंगवाल्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी गैरसोयीची नदी.

लाकूडवाल्याच्या दृष्टीने मात्र ती रस्ता होती. अहेरी जमीनदारीचा साग पूर्वीपासून नावाजलेला. रस्ते नव्हते तेव्हा तो पाण्यावरून गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीच्या बाजूला जाई. यातली खुबी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ओला साग पाण्यात धड तरंगत नाही. म्हणून सागाचं लाकूड पाण्याने न्यायचं तर झाड लगेच पाडायचं नाही. बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतलं ओलं लाकूड कड्यासारखं कापून काढायचं आणि झाड उभंच सोडायचं. मुळांकडून वर जाणारं पाणी तुटतं, झाड उभ्या उभ्या वाळतं. वर्ष-दोन वर्षांनी पाडलेल्या त्या लाकडाचं वजन घनमीटरला सुमारे ६५० किलोवर येतं आणि ओंडका एक तृतीयांश अंग पाण्याबाहेर ठेवून आरामात वाहतो. ऐन आणि बिजा जास्त जड. त्यांना बांबूच्या मोळ्यांचा आधार द्यावा लागतो. ओंडके शेजारी-शेजारी बांधले की तराफा झाला. राफ्ट म्हणजे तराफाच. फरक इतकाच की इथे तराफा हेच सामान होतं, आणि वरची माणसं ते पोहोचतं करणारी.

तराफ्याला खडकाची फारशी भीती नसते. तुटला तर पुन्हा बांधता येतो. नावेला असते. आणि इथेच देवलमरी येतं.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधून १८५२ मध्ये तो पुरा करणारे इंजिनिअर आर्थर कॉटन यांना रेल्वेपेक्षा नदीवर जास्त विश्वास होता. त्यांचा हिशेब सरळ होता. हिंगणघाटच्या बाजारातला कापूस त्या काळी लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून मुंबईकडे किंवा मिर्झापूरकडे जाई. वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या, आणि नेणावळ इतकी की मालाची किंमतच बदलून जावी. त्याऐवजी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा जलमार्ग खुला केला तर तोच कापूस काकिनाड्याच्या बंदरात थेट जहाजाला लागेल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग तर कॉटन यांच्या योजनेला विलायतेतून टाळ्याच मिळू लागल्या. नव्याने झालेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हेही या योजनेचे पाठीराखे. जागेवरचं काम कर्नल हेग यांच्याकडे.

अडचण तीन ठिकाणी होती. वाळूतून वाहणारी नदी मधेच कठीण खडकाच्या पट्ट्यांना छेदून जाते. तिथे पात्र फुटतं, खडकांच्या रांगा डोकं वर काढतात आणि पाणी मैलोगणती फेसाळत उतरतं. समुद्राकडून वर येताना पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमचा, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीचा आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यात, देवलमरीचा. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना नुसतं पहिला, दुसरा, तिसरा ‘बॅरिअर’ म्हटलं आहे. आजच्या राफ्टिंगवाल्याला नकाशावर बोट ठेवावंसं वाटेल अशाच या तीन जागा. इंजिनिअरला मात्र त्या डोकेदुखी होत्या.

उपाय दोन होते. एक तात्पुरता: अडथळ्याच्या तोंडाशी माल उतरवायचा, काठाने चाकांवर पुढे न्यायचा आणि खडक संपला की पुन्हा नावेत भरायचा. म्हणजे एका दिवसात पाणी आणि चाकं दोन्ही. हमालीचा खर्च आणि भिजलेला कापूस एवढं सोडलं तर कल्पना चांगली होती. दुसरा उपाय कायमचा: खडकाच्या बाजूने कालवा खणायचा आणि त्यात लॉक बांधायचे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद, दगडी हौद. नाव खालच्या दरवाज्याने आत घ्यायची, दरवाजा बंद करायचा, वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. हौद भरत जातो, नाव पाण्याबरोबर वर येते. आतली पातळी वरच्या कालव्याइतकी झाली की वरचा दरवाजा उघडतो आणि नाव पुढे निघते. इंजिन नाही, ओढणं नाही, नाव उचलण्याचं सगळं काम नदीच करते. खडकाचा उतार मोठा असेल तर असे लॉक एकापुढे एक. दुम्मागुडेमला बंधारा, कालवा आणि लॉक झाले. तो बंधारा आजही पाणी अडवून आहे. वर वर सरकावं तसं काम रेंगाळत गेलं. पावसाळ्यात पात्रात उतरता येत नाही, कोरड्या दिवसांत तापाने मजूर आडवे पडतात आणि रानात माणसं मिळत नाहीत.

योजनेसाठी एक अख्खा जिल्हाही उभा राहिला होता. निजामाकडून १८६० मध्ये घेतलेल्या मुलखाचा ‘अपर गोदावरी’ जिल्हा झाला आणि त्याचं मुख्यालय सिरोंचा. आज तालुक्याला जायचं म्हटलं तरी नागपूरचा माणूस दोनदा विचार करतो. त्या वेळी ते मध्य प्रांताचं समुद्राकडे उघडणारं दार ठरणार होतं.

मग फेब्रुवारी १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. वर्धा स्टेशन हिंगणघाटपासून बैलगाडीच्या दोन दिवसांवर आलं. त्याआधीच अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांपुरत्या, तीन ठिकाणी थबकणाऱ्या जलमार्गाला आता कोण पैसे घालणार? १८७१ मध्ये काम सोडून दिलं. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला, खालचे तालुके मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडलं. रेल्वेने कापूस नेला खरा, पण सिरोंच्याला रेल्वे आजतागायत आलेली नाही. इतक्या मोठ्या गडचिरोली जिल्ह्यात गाडी थांबते ती उत्तर टोकाला, वडसा-देसाईगंजला.

या धांदलीच्या आधीच नदीकाठी आणखी एक गोष्ट हाती लागली होती. सिरोंच्याच्या वर कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या थरांत जुरासिक काळातल्या माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सापडले आणि भूशास्त्रात तो थर ‘कोटा’ याच नावाने रुजला. त्यावर लिहिणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळ टाकळघाटच्या बाजूला पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचं कॉलेज पुढे वीस वर्षांनी निघालं. कोट्यापासून फार लांब नाही ते वडधम. तिथे झाडांचे दगड झालेले बुंधे आणि डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत.

नावेला नको असलेला खडक धरणाला हवा असतो, हे या नदीचं पुढचं प्रकरण. इंचमपल्लीला मोठं धरण बांधायचा प्रस्ताव गेली कित्येक दशकं कागदावर आहे. गडचिरोली आणि बस्तरची गावं आणि जंगल बुडणार म्हणून तो अडून राहिला. त्याच्या वर, सिरोंचा तालुक्यासमोर मेडीगड्ड्याला तेलंगणाने ८५ दरवाज्यांचा बॅरेज बांधला, जून २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हा मात्र वाळूवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले, पायाखालची वाळू सरकल्याचं तपासणीत निघालं. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतांचं नुकसान झालं, ती लढाई शेतकरी वेगळी लढत आहेत.

आज या बाजूला पाणी आणि चाकं जोडून एक दिवस काढायचा असेल, तर सिरोंच्याला मुक्काम करावा. पावसाळा टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये वर भामरागडला पर्लकोटेचं पाणी चढतं आणि रस्ताच बंद होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. माओवादी कारवायांमुळे हा भाग अनेक वर्षं प्रवाशांच्या यादीबाहेर होता. आता रस्ते आणि पूल वाढले आहेत, तरी आतल्या भागात जाण्याआधी स्थानिक पोलिसांकडे आणि वनखात्याकडे चौकशी करावी. सकाळी गाडीने वडधम पाहून आसरअल्लीच्या रस्त्याने सोमनूर गाठावं. तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा ही तीन राज्यं पाण्यावर टेकतात. काठावर मासेमारांचे डोंगे असतात. भाव आधी ठरवावा, लाइफ जॅकेट स्वतःचं न्यावं, आणि प्रवाह पाहून नावाडी नाही म्हणाला तर हट्ट धरू नये. इंचमपल्लीचा खडक इथून खालीच आहे.

देवलमरीचं म्हणाल, तर प्राणहितेवरची बोट पुन्हा एकदा कागदावर आली आहे. संसदेने २०१६ मध्ये देशातल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांची यादी कायद्यात घातली. त्यात पैनगंगा-वर्धा आहे आणि वैनगंगा-प्राणहिताही आहे, थेट गोदावरीच्या संगमापर्यंत.