बिंदू घेतानाच रेषा: मोजणीतील कोडची पद्धत

टोटल स्टेशन असो वा जीएनएसएस रोव्हर, यंत्राला बिंदू कळतो तो क्रमांक, इस्टिंग, नॉर्दिंग आणि उंची एवढ्यापुरताच. तो बिंदू डांबराच्या कडेचा की गटाराच्या काठाचा, आणि कोणत्या बिंदूला जोडायचा, हे जागेवर उभ्या असलेल्या माणसालाच दिसते. ऑफिसात बसून शेकडो ठिपक्यांतून ते ओळखू गेले की चुका होतातच. म्हणून बिंदू घेतानाच त्याला कोड द्यायचा.

झाड, विजेचा खांब, मॅनहोल यांना एकच कोड पुरतो. नकाशात तिथे चिन्ह येते. रेषेच्या वस्तूंना तीन गोष्टी लागतात: वस्तूचा कोड, रेषेचा क्रमांक आणि गरजेनुसार आज्ञा. सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरच्या नमुना कोडसंचात रेषा सुरू करायला बी, संपवायला ई, वळण सुरू करायला बीसी, संपवायला ईसी आणि आकृती बंद करायला सीएलएस अशा आज्ञा आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे बदलतात, रीत तीच राहते.

गावरस्त्याची मोजणी घ्या. डांबराची कड ईपी आणि मध्यरेषा सीएल मानू. पहिल्या ठिकाणी डावी कड ‘ईपी१ बी’, मध्य ‘सीएल१ बी’, उजवी कड ‘ईपी२ बी’. वीस मीटर पुढे जाऊन उजवीकडून परत यायचे: ‘ईपी२’, ‘सीएल१’, ‘ईपी१’. असे नागमोडी चालल्याने पायपीट वाचते आणि क्रमांकामुळे प्रत्येक बिंदू आपापल्याच रेषेत जातो. वळण आले की सुरुवातीला बीसी, मध्ये निदान एक बिंदू आणि शेवटी ईसी द्यायचा.

या रेषा नुसत्या दिसण्यापुरत्या नसतात. जमिनीचे मॉडेल करताना सॉफ्टवेअर जवळच्या बिंदूंचे त्रिकोण बांधते. नाल्याच्या तळाचे बिंदू घेतले, पण रेषेने जोडले नाहीत, तर काही त्रिकोण या काठावरून थेट त्या काठावर जातात. मग मॉडेलमध्ये नाल्यात नसलेले बांध उभे राहतात, समोच्च रेषा बिघडतात आणि मातीकामाचा हिशेब चुकतो. तळाची आणि दोन्ही काठांची रेषा ब्रेकलाइन म्हणून दिली, की त्रिकोणांच्या बाजू ती ओलांडत नाहीत. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांची रेषा मात्र मॉडेलमधून वगळायची.

नेहमीच्या चुका दोन. नवी रेषा सुरू करताना बी राहिला, तर ती त्याच क्रमांकाच्या जुन्या रेषेच्या टोकाला जाऊन चिकटते. दोन गटारांना एकच क्रमांक दिला, तर रेषा रस्ता आडवा कापते. यंत्राच्या हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर रेषा उमटत असेल, तर या चुका तिथल्या तिथे दिसतात; जागा सोडण्यापूर्वी त्या दुरुस्त करा.

कामाला निघण्यापूर्वी फील्डवाल्यांनी आणि ड्राफ्टिंगवाल्यांनी एकत्र बसून कोडची छोटी यादी पक्की करावी आणि तीच कंट्रोलरमध्ये भरावी. वीस-पंचवीस कोड सगळ्यांना पाठ असले, तर ते लांबलचक यादीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.