वर्गांतील यंत्र आणि फडावरचें मूल

वर्गांत यंत्र असावें कीं नसावें, हा वाद आतां फारसा उरलेला नाहीं. तें कोणाच्या उपयोगीं पडतें, हा प्रश्न मात्र बीड जिल्ह्यांत शिक्षक होऊं पाहणाऱ्या माझ्यासारख्याला टाळतां येत नाहीं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. जीं मुलें हंगामी वसतिगृहांत मागें राहतात, त्यांना वर्गांतील पडद्याचा लाभ होतो. जीं आईबापांबरोबर जातात, त्यांचें काय?

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढें राज्याच्या पुस्तकांतहि ते आले. २०२० सालीं डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालें. पानावरील चौकोनी ठशासमोर मोबाईल धरला कीं धडा दिसूं लागतो. पुस्तक मुलाबरोबर फडावर जाऊं शकतें, हा या युक्तीचा मोठा गुण. परंतु मोबाईल बापाच्या खिशांत आणि बाप पहांटेपासून ऊस तोडीत. कोपीवर वीज वा इंटरनेट नसेल, तर तो ठसा मुकाच राहतो.

म्हणून कोणतेंहि साधन निवडतांना मी तीन गोष्टी पाहीन. निघण्यापूर्वींच धडा मोबाईलमध्यें उतरवून देतां येतो काय? रात्रीच्या थोड्या वेळांत तो पुरा होतो काय? आणि मूल कोठें अडलें, हें मला कळतें काय? अडलें कोठें, हें यंत्र दाखवील. परतलेल्या मुलाला जवळ बसवून तें पुढें नेणें, हें शिक्षकाचेंच काम आहे.