धार, कोन आणि अण्णांचा अंगठा

आमच्या घरातली सर्वांत जुनी चालती वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर मी सायकलकडे बोट दाखवीन. ही सायकल साधी नाही. तिचे मागचे चाक स्टँडवर उचलून पायडल मारले की पट्ट्यावरून दांडीवरचा गोल दगड फिरू लागतो आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, याच सायकलवर गेली बावीस वर्षे मिरजेच्या गल्ल्यांतून सुऱ्या, कात्र्या आणि विळ्यांना धार लावीत फिरत आले. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिली. परंतु धारेच्या बाबतीत घरातली सर्वांत अडाणी मीच, हे मला गेल्या वर्षी कळले. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारे दुरुस्त करून त्यांना धार लावणाऱ्यांची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमची धार मात्र सायकलवरच राहिली. असो.

गेल्या फेब्रुवारीत अण्णा सायकलवरून पडले आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते. ते निघाले, पण मनगट पूर्वीसारखे वळेना. दगडावर सुरी धरायची म्हणजे सारा खेळ मनगटाचा! घरात धाकटा भाऊ दहावीला, माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची बाकी. अशा वेळी मला मोबाईलवर एक यंत्र दिसले. त्यात हाताचे कौशल्य लागत नाही, कोन यंत्रच सांभाळते, असे लिहिले होते. शिकवणीचे साठवलेले २८०० रुपये मी त्यात घातले. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला तेव्हा कळायला हवे होते.

हे यंत्र काय असते ते आधी सांगते. लोखंडी बैठकीवर सुरीची पाठ धरणारे दोन चिमटे असतात. मागे एक उभा खांब असतो आणि त्यावर वरखाली सरकणारा एक गोल मणी. मण्याच्या भोकातून लांब सळई जाते. सळईच्या पुढच्या टोकाला दगडाची पट्टी अडकवायची आणि सळई पुढेमागे करीत ती पट्टी धारेवर घासायची. मणी वर नेला की कोन मोठा, खाली आणला की लहान. खांबावर १५, २०, २५ असे अंशांचे आकडे कोरलेले असतात. सोबत १२० पासून १५०० नंबरपर्यंतच्या चार पट्ट्या मिळाल्या. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक.

पहिलेच काम मोठे मिळाले. अण्णांच्या ओळखीचे एक आचारी लग्नाच्या जेवणावळी करतात. त्यांच्या १२ सुऱ्या होत्या, सगळ्या रुंद पात्याच्या. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूला १५ ते २० अंशांची धार चालते असे मी वाचले होते, म्हणून मणी २० वर बसवला आणि दोन रात्री घासत बसले. सुऱ्या आरशासारख्या चकाकू लागल्या. मी अगदी हरखून गेले! तिसऱ्या दिवशी सगळ्या सुऱ्या परत आल्या. आचारीकाका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "ताई, तोंड बघायला आरसा आहे आमच्याकडं. टोमॅटो कापायला सुरी पाहिजे." पैसे त्यांनी दिले नाहीत आणि मीही मागितले नाहीत.

अण्णांनी एक सुरी डाव्या हातात घेतली आणि अंगठा धारेवरून आडवा, अगदी हलकेच फिरवला. (लांबीच्या दिशेने कधीही फिरवू नये, बोट कापते.) "वरवर घासलीस बघ. धारंला दगड शिवलाच न्हाई," म्हणाले.

हे कसे शक्य आहे? यंत्र तर २० अंश दाखवीत होते! मी हट्टाने मार्कर पेन घेतले, धारेच्या उतारावर शाई लावली आणि दगड चार वेळा फिरवला. वरची शाई पुसली गेली होती, पण अगदी कडेला काळी रेघ तशीच राहिली होती. अण्णांच्या अंगठ्याने जे एका क्षणात सांगितले होते, तेच शाईने दाखवून दिले.

मग कंपासपेटी काढली. दहावीत नकोसे वाटलेले त्रिकोणमिती इथे कामाला आले. मणी पात्याच्या पातळीपासून जितका उंच, त्याला मण्यापासून धारेपर्यंतच्या आडव्या अंतराने भागले की कोनाचा 'टॅन' मिळतो. म्हणजे कोन नुसत्या उंचीवर ठरत नाही, अंतरावरही ठरतो. यंत्रावरचे आकडे एका ठरावीक अंतरासाठी कोरलेले होते. माझ्या यंत्रात ३ सेंटिमीटर रुंद पात्याची धार मण्यापासून १० सेंटिमीटरवर येते. तेव्हा ३६ मिलिमीटर उंचीला २० अंश बरोबर भरतात. पण चिमटा सुरीची पाठ धरतो, त्यामुळे पाते जितके रुंद तितकी धार पुढे जाते. आचारीकाकांच्या सुऱ्या ६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे अंतर १३ सेंटिमीटर. त्याच उंचीला कोन निघाला साडेपंधरा अंश! उलट अण्णांनी सायकलच्या दगडावर वर्षानुवर्षे दिलेला उतार मी कोनमापकाने मोजला, तो २५ च्या आसपास होता. जाड कोनाच्या सुरीवर दगड पातळ कोनात टेकला की तो खांद्यालाच लागतो, कडेपर्यंत पोचत नाही. दोन रात्री मी खांदे चकाकवीत बसले होते.

दुसरी अडचण टोकाची. पुष्कळांना वाटते की सळई बाजूला गेली की कोन बदलतोच. तसे नाही. एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू मिळून एकच प्रतल ठरते, हे आपण भूमितीत शिकलो आहोत. धार सरळ असेल तोवर मणी हा बिंदू आणि धार ही रेषा, म्हणून दगड एकाच प्रतलात राहतो आणि कोन कायम असतो. मात्र टोकाजवळ धार वळते, तिथे रेषाच बदलते. एका सुरीचा हिशेब मी करून पाहिला. चिमट्यापासून टोक १५ सेंटिमीटर दूर असताना सरळ भागाला २० अंश आणि टोकाला जेमतेम १५ येत होते. तीच सुरी टोकापासून ४ सेंटिमीटरवर धरली तर टोकाला २४ येत होते. चिमटा टोकापासून सुमारे ८ सेंटिमीटरवर घेतला तेव्हा दोन्हीकडे सारखे जमले. प्रत्येक सुरीची ही जागा वेगळी. ती एकदा सापडली की मी पाठीवर पेनाने खूण करून ठेवते, कारण पुढच्या वेळी अर्धा इंच इकडेतिकडे झाले तरी मागचे काम वाया जाते.

किरकोळ खोड्या आणखीही आहेत. पट्ट्यांची जाडी सारखी नसते. जाडीत दोन मिलिमीटरचा फरक पडला तर कोन सुमारे एका अंशाने हलतो, मग बारीक दगड पुन्हा खांद्यालाच घासत बसतो. म्हणून पट्टी बदलली की मणी पुन्हा जुळवायचा. पाठीकडे निमुळती होत गेलेली सुरी चिमट्यात तिरकी बसते. जोर लावला की पातळ पाते वाकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट यंत्राच्या कागदावर एका ओळीत उरकली होती. दगड खरोखर कडेपर्यंत पोचला की पलीकडच्या बाजूला धातूची केसासारखी कड उलटते. आमच्या घरात तिला कुसळ म्हणतात. ते मुठीपासून टोकापर्यंत सलग लागले, तरच सुरी दुसऱ्या बाजूने घ्यायची. शेवटी बारीक दगडाने, अगदी हलक्या हाताने, बाजू आलटून पालटून ते कुसळ काढून टाकायचे. ते राहिले तर सुरी पहिल्या दिवशी झकास कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. कुसळ उठले की नाही, हे कोणताही मणी सांगत नाही. त्यासाठी अण्णांनी माझा अंगठा धरून शिकवले, तेही पंधरा दिवस.

सायकलचा दगड निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. कोरड्या दगडावर जोर दिला तर कडेवर निळसर डाग पडतो. तेवढ्या भागाचे पाणी उतरते आणि तिथे धार टिकत नाही. अण्णा म्हणून शेजारी पाण्याचा डबा ठेवीत आणि सुरी सारखी बुडवून काढीत. दगड म्हणाल तर दोन्हीकडे एकाच जातीचा, कुरुंद. काठिण्याच्या मोजपट्टीत हिऱ्याला १० आणि कुरुंदाला ९. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्या दक्षिणेतल्या कुरुंदावरूनच गेला आहे.

वेळेचा हिशेब मात्र यंत्राला मानवणारा नाही. सायकलवर एक सुरी दोन-तीन मिनिटांत होते. यंत्रावर पहिल्या खेपेला, जुना जाड उतार पातळ करायचा असेल तर, मला पाऊण तास लागतो. एकदा उतार बसला की पुढच्या वेळी दहा मिनिटे. एका सुरीचे तीस रुपये मिळतात. वाचकांनीच गणित करावे.

दिवाळीनंतर मी आचारीकाकांकडे पुन्हा गेले. त्यांनी बाराच्या जागी चार सुऱ्या काढून दिल्या. या वेळी कोरलेल्या आकड्याकडे पाहिलेच नाही. शाई लावून, दगड कडेपर्यंत नेमका टेकेल इतका मणी वर घेतला. चारही सुऱ्यांवर अण्णांनी अंगठा फिरवला. तीन बाजूला ठेवल्या, चौथी माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाले, "टोकाला कुसळ हाय अजून." ते काढूनच मी सुऱ्या पोचत्या केल्या. पुढच्या सोमवारी आठ आल्या.

गेल्या रविवारी शेजारच्या काकूंनी विळी आणून ठेवली. तिचे पाते पाटाला पक्के बसवलेले आणि वर बाकदार. ती कोणत्या चिमट्यात धरणार? मी यंत्राभोवती ती दोन-तीन प्रकारे फिरवून पाहिली. अण्णा खाटेवरून बघत होते. थोड्या वेळाने उठून शेजारी येऊन बसले, विळीचा पाट पायाखाली दाबला आणि म्हणाले, "तो लांबडा दगड आण इकडं. डाव्या हातानं बघतो. तू पाणी सोड."