केळवण, पण गोव्यात!

आमच्या शाळेच्या ग्रुपमधली पहिली विकेट पडली. म्हणजे एकीचं लग्न ठरलं! साखरपुड्याचे फोटो यायच्या आत नवा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, नाव 'गोवा बॅचलरेट'. तासाभरात त्यात पूलवाला व्हिला, सगळ्यांना एकसारखे सॅटिनचे गाऊन, यॉट आणि 'प्रत्येकी फक्त 15 हजार' असं सगळं येऊन पडलं. सगळ्यांनी धडाधड हार्ट टाकले. दोन दिवसांनी एक मैत्रीण म्हणाली, "माझं नाही जमणार गं, त्या दिवशी घरी पूजा आहे."

पूजाबिजा काही नव्हती. ती शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च काढते, 15 हजार आणणार कुठून? आणि खरं सांगू? हार्ट टाकणाऱ्यांत मीही होते, बाबांकडे पैसे कसे मागायचे याची तालीम करत.

तुमच्याही ग्रुपात असा प्लॅन शिजत असेल, तर जागा आणि तारखेच्या आधी आकडा ठरवा. पण ग्रुपवर नाही! तिथे कोणीच खरं बोलत नाही. एकाने प्रत्येकाला वेगळा मेसेज करायचा, 'तुला किती जमेल?' सगळ्यांत लहान आकडा येईल तेच बजेट, आणि तो कोणाचा हे कोणालाही सांगायचं नाही. हे काम माझ्याकडे आलं. आमचा आकडा निघाला 4,500. गंमत म्हणजे तो त्या पूजावाल्या मैत्रिणीचा नव्हता!

व्हिला गेला, यॉट गेली, गोवा राहिलं. फक्त बागा-कळंगुटऐवजी पणजी. आम्ही सात जणी, पण पैसे भरणाऱ्या सहा. केळवणाला बोलावलेल्या नवरीकडून कोणी जेवणाचे पैसे घेतं का? तिचा वाटा पहिल्याच हिशोबात धरा, शेवटी काढलात तर तोंडं वाकडी होतात.

खरी बचत केली ती गाडीने. शुक्रवारी रात्री मुंबईहून कोकणकन्या, स्लीपरने. शनिवारी सकाळी करमळी. रविवारी संध्याकाळी तीच गाडी परत, सोमवारी पहाटे मुंबई. दोन रात्री गाडीत गेल्यामुळे खोलीचं भाडं एकाच रात्रीचं! (सोमवारच्या पहिल्या लेक्चरला मी झोपले, ते सोडा.) रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा लगेच काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघा.

करमळी स्टेशन जुन्या गोव्याजवळच आहे, तिथून पणजीला बस मिळते. आणि पणजी चालत फिरण्याचं शहर आहे. सकाळी रस ऑम्लेट आणि पाव, दुपारी फिश थाळी, संध्याकाळी मिरामारच्या वाळूत बसून गप्पा. पणजीहून पलीकडे बेतीला फेरीबोट जाते, पायी जाणाऱ्यांना ती फुकट. यॉटचे फोटो आम्ही तिच्यावरच काढले! बेतीहून पुढे रेइश मागुशचा किल्ला आहे, वरून मांडवीचं मुख आणि समोरची पणजी दिसते. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी मात्र लांबूनच बघा. 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि तिकीट आमच्या बजेटच्या पलीकडचं.

फोंतेन्यासच्या रंगीत घरांसमोर सगळ्यांनाच रील करायचं असतं. पण त्या घरांत माणसं राहतात हो! रोजच्या शूटिंगला ती वैतागली आहेत. कोणाच्या पायरीवर बसायचं असेल तर आधी विचारा. आम्ही विचारलं, एका आजींनी नवरीचा पट्टा सरळ करून दिला.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण ते बेकायदा आहे. किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायलात तर दंड होतो. आणि दारूचं बिल वेगळं ठेवा. न पिणाऱ्याने लिंबू सोडा घ्यायचा आणि बिअरचे पैसे भरायचे, हे कॉलेजच्या प्रत्येक ट्रिपला होतं आणि प्रत्येक वेळी तो गप्पच बसतो.

पूजेचं खरं कारण मला कोकणकन्येत कळलं, सगळ्या झोपल्यावर, अप्पर बर्थवर. "4,500 आकडा तुझाच ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही." "मग कोणाचा?" ते मी अजून सांगितलेलं नाही.

परतताना हिशोब केला तर 340 रुपये उरले होते. ते वाटून घ्यायचे की नवरीला द्यायचे, यावर पनवेलपर्यंत भांडण. पनवेलला चहावाला आला.